तुझ्यासाठी पाच हजार, त्याच्या वर नाही

प्रिय कॉम्प्युटर,



तुझ्यावर पाच हजारांच्या वर एक रुपयाही घालायचा नाही, असं घरात ठरलं आहे. ठरवणारी मीच आहे, त्यामुळे वशिला लावायला दुसरीकडे जाऊ नकोस. पत्र चारचौघांत लिहिते आहे तेही मुद्दाम. इथे मोहोपाड्यापासून चौक, खालापूर, कर्जतपर्यंत कुठल्याही गल्लीत शिरलं तरी झेरॉक्सच्या दुकानात, क्लासमध्ये, कुणाच्या टेबलाखाली तुझ्या वयाचे डबे घरघरत बसलेले दिसतील. त्यांच्या मालकांना सध्या दोन सल्ले मिळतात, ‘जुना काढून टाका’ आणि ‘नवा घ्या’. दोन्हींचा खर्च एकच.

तू 2012 चा. ब्रँडेड नाहीस, असेंबल केलेला. दुसऱ्या पिढीचा कोअर आय3, एच61 चिपसेटचा बोर्ड, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर. त्या वेळी तुझा रुबाब होता. बाबा तेव्हा इथल्या एचओसीत, म्हणजे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समध्ये, नोकरीला होते आणि त्यांचे कॉलनीतले मित्र तुला बघायला येऊन गेले होते. पुढे मी तुझ्यावर डीटीपीची कामं घ्यायला लागले. लग्नाच्या पत्रिका, हळदीच्या पत्रिका (आमच्याकडे हळदीचं आमंत्रण लग्नाइतकंच मानाचं, कधी कधी काकणभर जास्त), साखरचौथीच्या गणपतीची पावतीपुस्तकं, कबड्डीच्या सामन्यांची पत्रकं. सोबत सातबारे, उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज, आणि 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी. तू कधी कुरकुर केली नाहीस असं म्हणणार नाही, पण काम अडवलं नाहीस.

अलीकडे मात्र हद्द झाली. बटण दाबून मी कुकर लावते, शिट्ट्या होतात, भात उतरतो, तरी तुझं ते गोल फिरतंच आहे. बाहेर बाई आधार कार्ड हातात धरून उभी असते, आणि मी तिला सांगते, “ताई, बसा जरा, तो उठतोय.”

त्यात 14 ऑक्टोबर 2025 उजाडला आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा हात सोडला. विंडोज 11 तुला घेत नाही. त्याला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय टीपीएम 2.0 हे सुरक्षेचं प्रकरण. आठवी पिढी आली 2017 मध्ये, म्हणजे तू पाच वर्षांनी लवकर जन्मलास एवढाच तुझा गुन्हा. काम करायची ताकद आहे की नाही, हे कुणी विचारलंच नाही. भावजी म्हणाले, “वहिनी, पेन ड्राइव्ह बनवतो, तपासणीला बगल देऊन 11 टाकून देतो.” टाकता येतं, लोक टाकतातही. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि माझ्याकडे दुसऱ्यांचे कागद असतात. घरगुती वापरासाठी विंडोज 10 च्या सुरक्षा अपडेटना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदतवाढ घेता येते, आणि सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडल्या तर तिची तीस डॉलर फीही द्यावी लागत नाही. मी ती घेतली. म्हणजे घाई गेली. आता प्रश्न उरला तुझ्या चालीचा.

सल्ले भरपूर आले. चिरंजीव म्हणाले, ग्राफिक्स कार्ड. का, ते उघड आहे. पत्रिकेतला गणपती काही त्यावाचून अडला नव्हता. एका दुकानदाराने बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असा एकत्र भाव सांगितला. तुझ्यातली रॅम नव्या बोर्डात बसत नाही, म्हणून रॅम नवी. जुना एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, नव्या बोर्डाला पुरेल याची खात्री नाही, म्हणून तोही नवा. मग कॅबिनेट तेवढं जुनं कशाला ठेवायचं? माणूस सभ्य होता, हिशेबही बरोबर होता. फक्त त्या हिशेबात शेवटी माझा म्हणावा असा माऊस तेवढा उरत होता.

बाबांनी वेगळाच प्रश्न विचारला. “अडतंय कुठे?”

हा एचओसीतला प्रश्न. तिथे नायट्रोबेन्झीन, अ‍ॅनिलीन, फॉर्मल्डिहाइड, नायट्रिक अ‍ॅसिड अशी मंडळी तयार व्हायची. उत्पादन वाढवायचं तर अख्खा प्लँट पाडून नवा बांधत नाहीत. बहुतेक वेळा रिअ‍ॅक्टरला दम असतो, पण पुढचा कंडेन्सर तेवढी वाफ घेत नाही, नाहीतर मधला पंप कमी पडतो. सगळा प्लँट त्या एका पंपाच्या चालीने चालतो. मग तेवढा पंप बदलायचा. पाताळगंगा एमआयडीसीत आजही कुठल्याही कंपनीत या कामाला डीबॉटलनेकिंग म्हणतात, आणि दहावी नापास हेल्परलाही तो शब्द येतो. बाबांनी पुढचं वाक्य जोडलं ते जास्त मोलाचं. पंप बदलला की अडचण संपत नाही, ती सरकते. म्हणून बदलायचं एक, चालवून बघायचं, मग पुन्हा शोधायचं. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पैसे मात्र सगळ्याचे गेलेले असतात.

म्हणून तुला चालू करून कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबलं आणि टास्क मॅनेजर उघडून बसले. प्रोसेसर पंधरा टक्क्यांच्या आसपास लोळत होता. मेमरी ऐंशीच्या पुढे. आणि डिस्क शंभर टक्के, हलायला तयार नाही. तू विचार करत नव्हतास रे, तू वाट बघत होतास.

कशाची, तेही सांगते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. तुझ्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी डोकं योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एक तुकडा उचलायला बारा-तेरा मिलिसेकंद धर. म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे. विंडोज उठताना आणि ब्राउझर उघडताना हजारो बारीक तुकडे मागतात, तेही चहूकडे विखुरलेले. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी लागणारी चिपची डिस्क; तिच्यात फिरणारं काही नाही. तिला एका तुकड्याला मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही पुष्कळ होतो. शंभरपट फरक इथे आहे. आय3 काढून आय5 घातला असता तर तोही याच रांगेत उभा राहिला असता, जास्त ऐटीत.

दुसरी गोष्ट तुझ्या गरिबीच्या पथ्यावर पडली. एच61 चं साटा पोर्ट तीन गिगाबिटचं, म्हणजे सेकंदाला तीनशे एमबीच्या आत. बाजारातली साधी साटा एसएसडीसुद्धा पाचशेच्या वर धावते. मग तुझ्यासाठी भारी एसएसडी घेणं हा शुद्ध मूर्खपणा. ज्या चपट्या एनव्हीएमई पट्ट्यांची जाहिरात असते त्यांना तुझ्या बोर्डावर खाचच नाही. अडीच इंची, साधी, नावाजलेल्या कंपनीची, वॉरंटीवाली, 256 जीबी. बस.

एसएसडी पनवेलला नवी, बिलासकट घेतली. जुन्या रॅमसाठी मात्र लॅमिंग्टन रोडच गाठावा लागतो. पनवेलहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, दादरहून वेस्टर्नने ग्रँट रोड. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, पण तो पत्ता विचारला तर रिकाम्या नजरेने बघतात. तिथे जुन्या मालाला ‘टेस्टिंग वॉरंटी’ मिळते, आठवडाभराची. चालली नाही तर बदलून देणार. तुझ्यात एक खाच रिकामी होती. तुझ्याच जातीची चार जीबीची डीडीआर3 जोडली की आठ जीबी होतात, आणि जोडी लागली की दोन्ही पट्ट्या बरोबरीने वाहतात. आठ जीबीची एकच पट्टी फार स्वस्त मिळत असेल तर विचारून घ्यावं, कारण त्यात फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणारा माल असतो आणि इंटेलवर तो काळा पडदा दाखवून गप्प बसतो. हे वाचणाऱ्यांसाठी लिहिलं. तुला काय, तू भोगशील तेव्हा कळेल.

आणि काळ कसला निवडलास बघ. 2025 च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरातली मेमरी उचलायला सुरुवात केली, नव्या रॅमचे भाव भडकले, एसएसडीही महागली. 3 डिसेंबर 2025 ला तर मायक्रॉनने क्रुशिअल या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदाच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. कुठल्या देशातलं डेटा सेंटर आणि कुठली मोहोपाड्यातली पत्रिका, पण भाव एकच. तुझ्या डीडीआर3 ला मात्र त्या सेंटरांत कुणी विचारत नाही. जुनेपणाचा एवढा एक फायदा तुला मिळाला.

मग तुला उघडलं. कॅबिनेटचे मागचे दोन स्क्रू काढून झाकण मागे सरकवलं तर आत राखाडी गोधडी. एसएमपीएसच्या कोपऱ्यात पालीची दोन अंडी, फुटलेली, टरफलं केबलला चिकटलेली; पावसाळ्यात एवढी कोरडी आणि उबदार जागा तिला दुसरीकडे कुठे मिळणार? रंगाचा कोरा ब्रश घेऊन अंगणात झटकलं. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं आणि मग ब्रश फिरवायचा, नाहीतर पंखा गरगरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. प्रोसेसरवरचा पंखा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर असतो. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर बाण, त्या दिशेने पाव फेरा फिरवायचं आणि वर ओढायचं. खाली लावलेली पेस्ट खडूसारखी सुकून भुगा झाली होती. ती पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली, खुंट्या तिरप्या जोडीने दाबल्या. चौथी खुंटी नेहमी छळते. टक् असा आवाज येईपर्यंत दाबायची, आणि त्या वेळी बोर्ड वाकताना दिसतो तेव्हा डोळे मिटायचे. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने घासले. इथल्या दमट हवेत त्यांच्यावर बुरशी नाही, पण एक मळकट थर धरतोच, आणि जूनमध्ये ‘बीप बीप, डिस्प्ले येत नाही’ म्हणून जी मशीनं दुरुस्तीला जातात त्यांतली कितीतरी या खोडरबराने उठतात.

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती सांगायची राहिली. बोर्डावर नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर2032, तीन व्होल्टची. ती संपली की तुझं घड्याळ लाइट गेली की मागच्या दशकात जातं. मग ब्राउझर सरकारी साइटचं प्रमाणपत्र बघतो, त्यावरची तारीख त्याला भविष्यातली वाटते, आणि तो साइट धोक्याची आहे म्हणून दार लावून घेतो. बाहेर सगळे सर्व्हर डाउन आहे म्हणून ओरडत असतात. चाळीस-पन्नास रुपयांची ती बॅटरी बदलली आणि साइट उघडली. फॉरमॅट मारायला निघालेल्यांनी आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघावी.

एसएसडीला तुझ्यात जागा नव्हती. ती हलत नाही, फिरत नाही, म्हणून डबल टेपने आतल्या पत्र्याला चिकटवली. बायोसमध्ये साटा आयडीईवर होतं, ते एएचसीआयवर नेलं, आणि विंडोज नव्याने टाकलं. जुन्या डिस्कवरचं जसंच्या तसं उचलून आणण्याची सोय असते, पण तेरा वर्षांचा गाळ नव्या टाकीत कोण ओतणार? पहिल्यांदा चालू झालास तेव्हा कुकरला वाफ धरायच्या आत डेस्कटॉप समोर. टास्क मॅनेजर पुन्हा उघडला. डिस्क शांत, मेमरी निम्मी, आणि आता पहिल्यांदाच प्रोसेसर थोडा घामाघूम. बाबा म्हणाले होते तशी अडचण सरकली होती. पण आता जिथे सरकली आहे तिथे मला परवडते. तिसऱ्या पिढीचा जुना आय5 तुझ्या खाचेत बसतो, बायोस अपडेट केलं की चालतो, मोहही झाला. नाही घेतला. उरलेले पैसे यूपीएसच्या बॅटरीत घातले, बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांची ती काळी वीट. पावसाळ्यात लाइट दोनदा फडफडून जाते तेव्हा अर्धी झालेली पत्रिका वाचवणारी तीच. आय5 ने ती दुप्पट वेगाने गमावली असती.

आता खरं कारण, ज्यासाठी तुला ठेवलं. तेही एचओसीवरूनच सुचलं. मे 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचओसीच्या रसायनी युनिटचे प्लँट बंद करायला मंजुरी दिली. सगळे, एक सोडून. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्लँट इस्रोकडे द्यायचं ठरलं, कारण पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन त्याच ऑक्सिडायझरवर चालतं. अ‍ॅनिलीन बाहेरून स्वस्त येत होतं, त्याला कुणी वाचवलं नाही. कॉलनीत त्या काळात जे चाललं होतं ते मी इथे लिहीत नाही. बाबा अजून त्या गेटवरून जाताना रिक्षात दुसरीकडे बघतात. पण निवड कशी झाली ते लक्षात राहिलं. यंत्र नवं की जुनं हा मुद्दाच नव्हता. जे काम दुसरीकडे होत नव्हतं तेवढं राहिलं.

तुझा तसा प्लँट म्हणजे पेजमेकर, माझं पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर. 2001 साली आलेली सातवी आवृत्ती शेवटची. अ‍ॅडोबीने केव्हाच इनडिझाइनकडे मोर्चा वळवला. पण श्रीलिपीच्या अक्षरांत जुळवलेल्या माझ्या सगळ्या जुन्या पत्रिका त्यात आहेत. ही अक्षरं युनिकोडची नाहीत. फाइल दुसऱ्या मशीनवर नेली की ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबांचा चुराडा दिसतो. नव्या कॉम्प्युटरवर हे सगळं पुन्हा उभं करायचं म्हणजे डाँगल, ड्रायव्हर, प्रिंटर यांची मनधरणी पहिल्यापासून; तुझ्यावर तेच जुने ड्रायव्हर पुन्हा टाकून भागलं. आणि लोक येतात ते ‘मोठ्या मुलीची होती तशीच धाकटीची करून द्या’ म्हणत. ती मोठ्या मुलीची पत्रिका तुझ्या पोटात आहे.

म्हणून एसएसडीचे दोन भाग केले. एकात विंडोज 10 आणि पेजमेकर. दुसऱ्यात लिनक्स मिंटची बाविसावी आवृत्ती, फुकट, 2029 च्या एप्रिलपर्यंत अपडेट मिळणार, आणि तुझ्या वयाच्या यंत्रावर नाक मुरडत नाही. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. मुदतवाढ संपली की विंडोजमध्ये नेट बंद आणि ऑनलाइन अर्ज सगळे मिंटमध्ये. माझा जुना लेझर प्रिंटर मिंटला अजून भीक घालत नाही, तेव्हा पीडीएफ करून विंडोजमध्ये येऊन छापायची. हा वनवास आहे, मान्य. पाच हजारांत एवढाच राजवाडा मिळतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगून ठेवते, कारण वाचणाऱ्यांत कुणी माझ्याच वाटेने निघालं असेल. हातात पाचच्या जागी पंधरा हजार असते, आणि पेजमेकरचं लफडं नसतं, तर तुला हात लावला नसता. ऑफिसांतून काही वर्षांनी निघणारी आठव्या-नवव्या पिढीची मशीनं रिफर्बिश्ड म्हणून मिळतात, विंडोज 11 त्यांवर सरळ चालतं. बिल, वॉरंटी आणि प्रोसेसरची पिढी एवढं बघून घ्यावं. मधल्या आठ-दहा हजारांत तुझ्यासारख्याला सजवण्याचा धंदा मात्र करू नये. ते पैसे इकडेही नाहीत आणि तिकडेही नाहीत.

बोर्ड गेला तर दुसरा एच61 शोधत फिरणार नाही, हेही ठरलं आहे. एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस पुढच्या घरी जातील. रॅम कुणा गरजूला. बाकी पत्रा आणि बोर्ड ई-कचरा घेणाऱ्याकडे, भंगारवाल्याच्या हातगाडीवर नाही. तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात. जुनी हार्ड डिस्क तर कुणालाच नाही. तिच्यावर अर्ध्या मोहोपाड्याच्या आधार कार्डांचे आणि पासबुकांचे स्कॅन आहेत, आणि डिलीट केल्याने ते पुसले जात नाहीत. सध्या ती कपाटात आहे, फाइलींची दुसरी प्रत म्हणून. तिचं काम संपलं की हे कंपनीतून ड्रिल आणतील आणि तबकडीला आरपार भोकं पाडू.

ते पुढचं पुढे. आता कबड्डीच्या पत्रकाची फाइल उघड. बत्तीस संघांची नावं चढवायची आहेत, निम्मी अजून व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजी अक्षरांत पडली आहेत, आणि मंडळाचा माणूस सहा वाजता प्रिंट न्यायला येतो आहे.

तुझी,
कीबोर्डपुढची
मोहोपाडा, रसायनी